हात लावण्याचा परवाना

त्यांना मी प्रथम पाहिले ते पाठमोरे, आणि त्यामुळे चेहऱ्याच्या आधी माझ्या लक्षात राहिले ते त्यांचे हात. बहरीनमध्ये, बुसैतीन भागातल्या आमच्या दवाखान्याच्या लांब कॉरिडॉरमध्ये ते उभे होते. दोन्ही हात पाठीमागे, उजव्या हाताने डाव्याचे मनगट घट्ट धरलेले, जणू कोणीतरी त्यांना पकडून आणले आहे आणि पकडणारेही ते स्वतःच आहेत. शेजारी फरशी पुसण्याची बादली होती. समोरच्या खोलीचे दार अर्धवट उघडे होते आणि आत एक परिचारिका एका वृद्ध बहरीनी बाईंच्या हातात शीर शोधत होती. ती दोनदा चुकली. तिसऱ्यांदा तिने सुई उचलली, तेव्हा हे गृहस्थ समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत अगदी हळू, पण स्पष्ट म्हणाले, "कोपर छोड दो. मनगट के पास, अंगठे की बाजू में. उधर मोटी है."

परिचारिका केरळची होती. तिने मान वर केली नाही. सुई मनगटाकडे वळली आणि शीर लगेच मिळाली. थोड्या वेळाने ट्रे घेऊन ती बाहेर आली आणि जाता जाता म्हणाली, "भाऊ, आपका कैलेंडर बहुत होशियार है."

"कैलेंडर को लायसन नहीं लगता, सिस्टर," असे म्हणून त्यांनी बादली उचलली.

सगळेच त्यांना भाऊ म्हणत, मलयाळी परिचारिकाही आणि फिलिपिनो रिसेप्शनिस्टही. ते रत्नागिरीच्या बाजूचे. तिथल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ते अठ्ठावीस वर्षे कंपाउंडर होते. ज्यांनी तसले दवाखाने पाहिलेले नाहीत त्यांना कंपाउंडर म्हणजे काय हे पुरतेपणी सांगणे मला जमेल असे वाटत नाही. लाकडी खिडकीमागे उभा राहून तो पुड्या बांधतो, बाटलीत औषध भरतो, कागदाच्या पट्टीला कात्रीने खाचा पाडून डोसांच्या खुणा बाटलीवर चिकटवतो. हे झाले सर्वांना दिसणारे काम. डॉक्टर लांबच्या वाडीवर गेलेले असताना दारात आलेल्या माणसाला जे लागेल ते करणे, हे त्याचे दुसरे काम. त्यात टाके आले, इंजेक्शन आले, मोडलेल्या हाताला फळी बांधणे आले. या दुसऱ्या कामाचा उल्लेख कुठल्याही कागदावर नसतो आणि गावात त्याचे कोणाला काही वाटतही नाही. डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला, भाऊंची मुलगी तेव्हा नुकतीच नर्सिंगला लागली होती. एजंटाने त्यांना "हॉस्पिटलचं काम" म्हणून सांगितले आणि पन्नाशी ओलांडल्यावर ते बहरीनला आले. एजंट खोटे बोलला नव्हता. त्यांच्या रेसिडेंट कार्डावर व्यवसायापुढे "क्लीनर" असे लिहिलेले होते.

मी त्याच दवाखान्यात कारकून होतो. कोणी कोणाला हात लावावा हे ठरवणारे कागद माझ्या ताब्यात असत. डॉक्टर, परिचारिका, क्ष-किरणवाले, प्रयोगशाळेतले, प्रत्येकाला सरकारी परवाना लागतो. प्रत्येक परवान्यात कोणते काम करता येईल याची मर्यादा असते. ते परवाने काढणे, मुदत संपण्याआधी नवे करणे आणि तपासणीस आले की सगळ्या फाइली त्यांच्यापुढे ठेवणे हे माझे काम होते. मी ते मन लावून करीत असे. माणसांपेक्षा कागदांशी बोलणे मला नेहमीच सोपे गेले आहे.

राहायलाही आम्ही एकत्र होतो. मुहर्रकच्या जुन्या वस्तीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही सहा जण राहत असू. भाऊ, मी, मुरूडचा इकबाल आणि चिपळूणकडचे तिघे. इकबाल सुतार होता, सीफच्या मॉलमधल्या दुकानांना फडताळे बसवीत असे. त्याला साखरेचा विकार होता आणि तो तोंडाने फार मोकळा होता. भाऊंची थट्टा करण्याचा अधिकार त्याने पहिल्याच आठवड्यात मिळवला.

त्याला कारण भाऊंची तेलाची बाटली झाली. स्वयंपाकघरातले तेल लवकर संपते म्हणून आमच्यात कुरबुर चालू होती. भाऊंनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेची एक पट्टी कापली, तिला दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर खाचा पाडल्या आणि भाताच्या शितांनी ती बाटलीला चिकटवली. माणशी एक खाच, दिवसाला.

"भाऊ," इकबाल बाटली उजेडात धरून म्हणाला, "हे तेल हाय का खोकल्याचं औषध?"

"हलवून घे," भाऊ म्हणाले. "आणि जेवणाआधी."

तेल पुन्हा कधी कमी पडले नाही. पुढे साखर आणि चहाची पूडही त्यांनी पुड्यांत बांधून ठेवायला सुरुवात केली. एका हाताच्या तीन हालचालींत पुडी बांधून होई आणि तिच्या कडा इतक्या नेमक्या जुळत की ती सोडताना मला संकोच वाटे. दर शुक्रवारी सकाळी एका वेगळ्या पातेल्यात ते काचेची एक जुनी सिरिंज उकळत. दवाखाना बंद होताना डॉक्टरांनी ती त्यांना दिली होती. काचेच्या सिरिंजा जाऊन किती काळ लोटला हे त्यांना माझ्याहून चांगले माहीत होते. तरी वीस मिनिटे उकळून, स्वच्छ फडक्यावर सुकवून, ती पुन्हा पत्र्याच्या डब्यात ठेवल्याशिवाय त्यांचा शुक्रवार सुरू होत नसे.

बसमध्ये ते माझ्या शेजारी बसून समोरच्या प्रवाशांची नाडी डोळ्यांनी पाहत. "तो निळ्या शर्टवाला, थायरॉइड. ती फिलिपिनो पोरगी, रक्त कमी. ड्रायव्हरचं मूत्रपिंड." खरे होते की नाही हे कळायला मार्ग नव्हता. मी एकदा तसे म्हणालो, तर म्हणाले, "मास्तर, आधी नाव विचारायचं असतं, मगच नाडी. इथं नावच विचारता येत नाय, तर बघूनच समाधान." मी मास्तर कधीच नव्हतो. पण बोलताना माझ्या तोंडून पुस्तकी वाक्ये येतात म्हणून त्या घरात, आणि पुढे दवाखान्यातही, माझे ते नाव पडले होते.

एकदा इकबालच्या पायाच्या अंगठ्याला खिळा लागला. साखरेच्या माणसाच्या पायाची जखम म्हणजे काय हे भाऊंना ठाऊक होते. त्यांनी त्याला खुर्चीत बसवले, स्वतः दोन पावलांवर हात मागे बांधून उभे राहिले आणि त्याच्याच हातून त्याची जखम धुवून घेतली. "गोल फिरव. आतून बाहेर. परत आत नाय जायचं, मेल्या, घाण आत नेतोस! कापूस टाक तो. दुसरा घे." इकबाल कळवळत होता आणि शिव्या देत होता. "अरे तुझे हात काय गहाण पडले काय? बांध ना तूच!"

"माझे हात बेकायदा हायत. तोंडावर बंदी नाय."

या टप्प्यावर मी बोललो. मला तेव्हा वाटले की ते माझे कर्तव्य आहे. मी त्यांना सांगितले की नियमांत सल्ला देणे आणि निदान करणे हीसुद्धा उपचाराचीच कामे धरली आहेत. परवाना नसलेल्याने तीही करू नयेत. भाऊंनी माझ्याकडे पाहिले. त्या घरात कायदा वाचलेला मी एकटाच होतो आणि त्यांचा छापील कागदावर फार विश्वास होता.

"बोलणं पण?"

"हो, भाऊ. अगदी काटेकोरपणे पाहिलं तर बोलणंही."

इकबालने उरलेली पट्टी स्वतःच, वेडीवाकडी, गुंडाळली. पुढचे आठ-दहा दिवस भाऊ बसमध्ये खिडकीबाहेर पाहत राहिले. दवाखान्यातल्या कॅलेंडरशीही ते बोलेनासे झाले.

मग व्यवस्थापिकाबाईंनी त्यांना बोलावून घेतले. बाई मनाने चांगल्या होत्या. परिचारिकांकडून त्यांच्या कानावर काही ना काही येत असावे. परिचारिकांच्या हाताखाली मदतनीसाची एक जागा होती. रुग्णाला उठवणे-बसवणे, अंग पुसणे, पट्टी बदलताना पाय धरणे, इतपत काम. तिलाही परवाना लागत होता, पण पदवी लागत नव्हती. थोडे शिक्षण आणि कामाचा अनुभव दाखवला तर अर्ज विचारात घेतला जाई. "भाऊ, ट्राय करो," बाई म्हणाल्या. "पेपर मास्टरजी बना देंगे."

त्या दिवशी भाऊ घरी आले ते मुलगी परीक्षेत पहिली आल्यासारखे. त्यांना पगार वाढेल का हे विचारावेसेही वाटले नाही. रात्रीच्या जेवणाला त्यांनी सगळ्यांना एक खाच तेल जास्त दिले. "पाय धरायला मिळाला तरी पुरे," ते इकबालला म्हणाले. "माणसाचं अंग गरम हाय का गार, ते हाताला कळलं पाहिजे रे. दोन वर्षं झाली, मी फक्त फरशी बघतोय."

"खलास! मग माझ्या पायापासून सुरू करा," इकबाल म्हणाला. "अंगठा काळा पडतोय. तुमच्या परवान्याची वाट बघतोय तो."

कागद थोडेच होते. दहावीची गुणपत्रिका, प्रथमोपचाराच्या एका वर्गाचे प्रमाणपत्र आणि डॉक्टरांचे अनुभवपत्र. डॉक्टरांना भाऊंनी फोन केला. ऐंशीच्या पुढे गेलेल्या त्या गृहस्थांनी थरथरत्या हाताने, शाईच्या पेनाने, लेटरहेडच्या दोन कागदांवर पत्र लिहिले आणि गावाकडून येणाऱ्या एका माणसाबरोबर पाठवले. भाऊंनी ते उभे राहून आम्हाला वाचून दाखवले. मध्ये दोनदा त्यांना थांबावे लागले. चिपळूणकडच्या तिघांनी टाळ्या वाजवल्या. इकबाल म्हणाला, "अरे, हे तर निकाहनामा वाचल्यासारखं वाचतायत!" पण तोही डोळे पुसत होता.

पत्र इंग्रजीत करणे माझ्याकडे आले. त्यावर शिक्का मारणारा अधिकृत अनुवादक वेगळा होता, पण तो माझा मजकूर तसाच घेत असे. चार संध्याकाळी मी त्या दोन पानांवर घालवल्या. त्यातला एक परिच्छेद मला आजही पाठ आहे. "हे अठ्ठावीस वर्षे माझ्याकडे आहेत. माझ्या अनुपस्थितीत यांनी स्वतंत्रपणे इंजेक्शने दिली, जखमा शिवल्या आणि रस्ता बंद असलेल्या दिवसांत अकरा बाळंतपणे सुखरूप पार पाडली. यांच्याजवळ पदवी नाही ही उणीव मला कधीही जाणवली नाही. या कामात ते सिद्धहस्त आहेत."

"सिद्धहस्त" या शब्दाला मी पुष्कळ शोधून एक सुंदर प्रतिशब्द मिळवला. तो कागदावर उतरवून झाल्यावर मी वाक्ये पहिल्यापासून पुन्हा वाचली आणि माझा हात थांबला. डॉक्टरांनी प्रेमाने लिहिलेली ती तीन कामे परवान्याच्या कार्यालयातला माणूस कोणत्या नजरेने वाचील हे मला कळत होते. त्याच्या दृष्टीने ती परवान्याशिवाय केलेल्या उपचारांची यादी होती, अठ्ठावीस वर्षांची, साक्षीदाराच्या सहीनिशी. असे कागद मी रोज हाताळत होतो. हा परिच्छेद गाळून "माझ्या देखरेखीखाली मदतनीस म्हणून काम केले" एवढे एक वाक्य डॉक्टरांकडून लिहून आणावे, हे सांगणे माझे काम होते. दुसरे कोणी ते सांगू शकले नसते.

भाऊ चहा घेऊन आले. माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी न समजणाऱ्या इंग्रजी ओळींवर बोट फिरवले.

"बाळंतपणाचं कुठं हाय?"

मी ओळ दाखवली.

"अकरा लिहिलंस ना?"

"लिहिलं."

"सगळं आलं पाहिजे हां, मास्तर. एक अक्षर सोडू नको. डॉक्टर आयुष्यात कोणाबद्दल असं बोलले नायत. मला पण तोंडावर कधी बोलले नाय."

मी "बरं" म्हणालो. अनुवाद मुळाशी प्रामाणिक असावा, त्यात बदल करण्याचा मला अधिकार नाही, असे मी स्वतःला समजावले आणि ते समजावणे मला पटले देखील. खरे कारण इतके साधे होते की ते लिहिताना मला लाज वाटते. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला मोडवला नाही, कारण तो मोडण्यासाठी मला बोलावे लागले असते.

अर्ज नाकारला गेला. उत्तर सभ्य भाषेत होते. अर्जदाराने मान्यताप्राप्त शिक्षणाशिवाय नियंत्रित स्वरूपाचे उपचार दीर्घकाळ केल्याचे त्याच्याच कागदपत्रांवरून दिसते, असे त्यात म्हटले होते. त्याखाली दवाखान्याला एक प्रश्न होता. ही व्यक्ती आपल्याकडे रुग्णांवर काही उपचार करते काय? मला त्या कार्यालयाला दोष देता येत नाही. त्याच आठवड्यात खोट्या पदवीच्या एका माणसाची फाइल माझ्या टेबलावर आली होती आणि तो माणूस परवान्यापासून दूर राहिला याचे मला समाधान वाटले होते.

व्यवस्थापिकाबाई घाबरल्या. भाऊंना दवाखान्याच्या आत येण्यास बंदी झाली. त्यांना बाहेर गाड्या उभ्या करण्याच्या जागेवर नेमण्यात आले आणि त्यांच्याकडून एक हमीपत्र घेण्याचे ठरले. ते मीच लिहिले. "मेक इट स्ट्राँग," बाई म्हणाल्या होत्या, म्हणून मी तीनदा "कोणत्याही" घातले. मी कोणत्याही ठिकाणी, कोणत्याही व्यक्तीवर, कोणत्याही स्वरूपाचा उपचार करणार नाही. सही घेण्याआधी मी त्यांना त्याचा अर्थ मराठीत सांगितला.

"कोणत्याही ठिकाणी म्हणजे घरी पण?"

"घरीही, भाऊ."

"इकबालचा अंगठा?"

"तोही."

"आणि मला स्वतःला खाज सुटली तर?" त्यांनी विचारले. मी हसलो नाही आणि तेही हसले नाहीत. त्यांनी सही केली, अक्षर फार सुरेख होते.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. ऐकू कमी येत असल्यामुळे ते मोठ्याने बोलत आणि भाऊंनाही मोठ्याने बोलावे लागे, म्हणून आम्हा सगळ्यांना ते ऐकू गेले. "हो हो, मिळाला! मिळाला, डॉक्टर! अहो, तुमच्या पत्रानंच मिळाला. साहेब म्हणाला, असं पत्र आम्ही बघितलंच नाय. हो. लावतो ना हात, रोज लावतो. काळजी करू नका. गोळ्या घेताय ना वेळेवर?" फोन ठेवल्यावर ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले. इकबाल त्यांच्या मागोमाग गेला. त्या दिवशी त्याने एकही शब्द थट्टेचा काढला नाही. दोघे खाली गल्लीतल्या खबूसच्या, म्हणजे तिथल्या रोट्यांच्या, भट्टीसमोरची रांग पाहत होते.

अंगठ्यासाठी आम्ही इकबालला दवाखान्यात नेले, तिथे त्याची नीट काळजी घेतली गेली. हे मुद्दाम सांगतो, कारण परवाना असलेल्यांनी हयगय केली असे कोणाला वाटू नये.

यानंतर साधारण महिन्याभराने ती सकाळ आली. शुक्रवार होता. भाऊंचे पातेले गॅसवर उकळत होते. इकबाल जुम्म्याच्या नमाजासाठी कुर्त्याला इस्त्री करीत होता आणि चिपळूणकडच्यांपैकी एकाला सांगत होता की पुढच्या सुट्टीत तो भाऊंना मुरूडला नेणार आणि समुद्रकिनारी खुर्ची टाकून देणार, "कॅलेंडर लावून." ते वाक्य पुरे झाले आणि तो इस्त्रीच्या टेबलाला धरून खाली बसला, मग आडवा झाला. आम्हाला आधी ती मस्करीच वाटली.

भाऊ स्वयंपाकघरातून धावत आले. "इकबाल! ए इकबाल!" त्यांनी त्याच्या मानेवर दोन बोटे ठेवली, तोंडाशी गाल नेला. "श्वास नाय. अँब्युलन्स बोलवा!" चिपळूणकडच्याने फोन लावला, हिंदीत पत्ता सांगितला आणि गाडी चुकू नये म्हणून तो आणि दुसरे दोघे खाली रस्त्यावर धावले. खोलीत आम्ही तिघे राहिलो. भाऊंनी इकबालची बटणे उघडली, गुडघ्यांवर बसले, एका तळव्यावर दुसरा ठेवला आणि कोपर ताठ करून त्याची छाती दाबायला सुरुवात केली. ते आकडे मोजत होते. चेहरा शांत होता. दोन वर्षांत मी त्यांना असे पाहिले नव्हते.

मला दिसले ते पुढचे. गाडी येईल, आत गणवेशातली माणसे येतील, हा कोण म्हणून विचारतील, कार्ड मागतील. कार्डावर क्लीनर. फाइलीत नाकारलेला अर्ज, त्याच्या पाठीला टाचलेले हमीपत्र, त्यात तीन वेळा "कोणत्याही". मला त्यांची मुलगी दिसली, तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा दिसली. पडलेला इकबाल मला तेव्हा दिसला नाही.

"भाऊ, हात काढा!" मी ओरडलो. माझा आवाज इतका मोठा होऊ शकतो हे मला ठाऊक नव्हते. "तुम्ही लिहून दिलंय. हात लावू नका!"

त्यांचे मोजणे थांबले. "मरंल रे हा."

"ते येतायत, भाऊ. आलेच. तुम्ही हात काढा."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. कायदा वाचलेल्या माणसाकडे पाहावे तसे. मग त्यांनी हात उचलले आणि मांडीवर ठेवले. माझ्याकडे करण्यासारखे काही नव्हते, मला काही करताही येत नव्हते. गल्ली अरुंद होती, शुक्रवारच्या गाड्या दोन्ही बाजूंना लागलेल्या होत्या. किती मिनिटे गेली हे मी अनेकदा मोजून पाहिले आहे. प्रत्येक वेळी आकडा वेगळा येतो. पावले जिन्यावर वाजली, ती माणसे आत आली आणि त्यांनी भाऊ जिथे थांबले होते तिथूनच सुरुवात केली.

सलमानियाच्या रुग्णालयात दुपारच्या आधीच इकबाल गेला. एका तरुण डॉक्टरांनी बाहेर येऊन आम्हाला ते सांगितले आणि हातातल्या कागदावर काही लिहिता लिहिता विचारले, "गाड़ी आने से पहले किसी ने छाती दबाई थी?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो त्या कागदावरचा एक रकाना होता. मी जमिनीकडे पाहत होतो.

"नहीं, साब," भाऊ म्हणाले.

मुरूडला फोनही त्यांनीच केला. मला तो करता आला नसता.

रविवारी कामावर गेल्यावर मी नियमांची आमची प्रत काढली. कशासाठी, हे मला सांगता येणार नाही. कदाचित माझ्या बाजूचे एखादे वाक्य त्यात सापडेल अशी आशा असेल. शेवटून दुसऱ्या पानावर, अपवादांच्या खाली, एक ओळ होती. जीवावर बेतलेल्या प्रसंगी, प्रशिक्षित मदत येईपर्यंत, कोणाही व्यक्तीने केलेली मदत या निर्बंधांत धरली जाणार नाही, अशा अर्थाची. त्या पुस्तिकेच्या प्रती मी प्रत्येक नव्या परिचारिकेला देऊन पोच म्हणून सही घेत असे. कोणी काय करू नये ती पाने मला तोंडपाठ होती. त्यापुढची मी कधी उलटली नव्हती.

भाऊंचा करार पुढे वाढवला गेला नाही. तीन आठवड्यांनी ते परत निघाले. विमानतळ आमच्या घरापासून जवळच होता. टॅक्सीत त्यांनी मुलीचा निकाल लागल्याचे सांगितले. ती आता नोंदणीसाठी अर्ज करणार होती. "तिचे कागद मात्र नीट बघून दे हां फोनवर," म्हणाले. मी हो म्हणालो.

आत जाण्याच्या दारापाशी मी त्यांची बॅग त्यांच्या हातात दिली. पुस्तिकेतली ती अपवादाची ओळ मी तीन आठवडे कोणालाच सांगितली नव्हती. ती सांगायची म्हणूनच मी सुट्टी टाकून आलो होतो. वाक्य मी तयारही केले होते, पुस्तकी, नीट रचलेले. मी तोंड उघडण्याआधी तेच थांबले.

"मास्तर, एक विचारू? खरं सांग. तू सगळं वाचलेलं हाय. अशा वेळी चालतं, असं कुठं लिहिलेलं नव्हतं ना? जीव जात असला तर, असं काही?"

त्यांच्या मागे माणसांची रांग पुढे सरकत होती. "यल्ला, यल्ला" म्हणत कोणीतरी पुढे व्हायची घाई करीत होते.

"नव्हतं, भाऊ," मी म्हणालो.

त्यांनी मोठा श्वास सोडला.

"मग ठीक," ते म्हणाले. "मी तुझ्यासाठीच विचारलं. तू तेव्हापासून नीट जेवत नायस, मी बघतोय. कायदाच तसा असंल, तर तुझी काय चूक? मनाला लावून घेऊ नको."

मी मान हलवली. ते आत गेले.